चिठ्ठीशेजारी चिठ्ठी

हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेली झाडं कागदाच्या शीटवर लावून जपतात त्या संग्रहात, एक नियम कसोशीने पाळतात. शीटवर आधी कुणी लावलेली नावाची चिठ्ठी काढायची नाही. खोडायची नाही, वर दुसरी चिकटवून झाकायचीही नाही. आधीच्या माणसाने झाड ओळखण्यात गफलत केली असं तुमचं मत असेल, तर शेजारी आपली चिठ्ठी लावा. तिच्यावर तुम्हाला पटलेलं नाव, तुमची सही आणि तारीख. बस. स्पष्टीकरणाला जागा नसते, टोमणा मारायला तर नसतेच. पुढे पन्नास वर्षांनी आणखी कुणी येतो, दोन्ही चिठ्ठ्या वाचतो, वाळक्या फांदीवर भिंग धरतो आणि दोघांतल्या एकाच्या बाजूने उभा राहतो. नाहीतर तिसरंच नाव लिहून मोकळा होतो. काही शीट्सवर अशा चार-पाच चिठ्ठ्या एकाखाली एक लागलेल्या असतात.

वनस्पतिशास्त्राच्या सगळ्या पसाऱ्यात मला ही रीत सगळ्यात जास्त आवडते. आपल्याकडे मतभेद झाला की कुणीतरी एक गप्प बसतो नाहीतर कुणीतरी एक ग्रुप सोडून जातो. इथे मतभेद नीट कापून, चिकटवून, तारखेसकट जपून ठेवतात. शिवाय ज्यावरून वाद झाला ती वस्तू मधोमध शिवलेली असतेच. तुम्हाला दोघांचंही पटत नसेल तर स्वतः बघा.

मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि पुढे त्यात नोकरी काही केली नाही. हल्ली रानभाज्यांवर लिहिते, म्हणजे पावसाळ्यात मला मागणी असते. लिहिताना शास्त्रीय नाव दिलं की लेखाला वजन येतं, म्हणून सगळेच देतात. एकाने दिलेलं दुसरा उचलतो, दुसऱ्याचं तिसरा. फोडशीचंच बघा. गवतासारख्या पात्यांची ही भाजी पहिल्या पावसानंतर ठाण्या-पालघरच्या बाजारात जुड्या बांधून येते. ती क्लोरोफायटम या गटातली, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. पण या गटातल्या बऱ्याच जाती आपल्या डोंगरांत उगवतात, आणि भाजी कोवळी असते तेव्हा तिला फुलं नसतात. फुलं-फळं येतात तोवर भाजी जून होऊन कुणी खुडत नाही. फुलाशिवाय जात ठरवणं अवघड. मग नाव लिहायचं कुणाच्या भरवशावर? अशा वेळी परवानगीचा अर्ज घेऊन हर्बेरियम गाठावं लागतं.

पुण्यात याबाबतीत चैन आहे. कोरेगाव रस्त्यावर भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र आहे, १९५५ साली सुरू झालेलं. शहराच्या दुसऱ्या बाजूला आघारकर संशोधन संस्था. ही संस्था आहे आगरकर रस्त्यावर. रस्ता गोपाळ गणेश आगरकरांचा, संस्था शंकर पुरुषोत्तम आघारकरांची. बाहेरगावचा माणूस हमखास एकाला दुसऱ्याच्या खात्यात टाकतो, आणि पुणेकर त्याला दुरुस्त करण्याचं पुण्य सोडत नाही.

हे आघारकर मूळ मालवणचे, जन्म १८८४ चा. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात जीवशास्त्र शिकवत असताना सह्याद्रीत भटकून झाडं आणि प्राणी दोन्ही गोळा करायचे. आपल्या घाटातल्या नद्यांमध्ये गोड्या पाण्यातला जेलीफिश असतो, हे जगाला कळलं त्यात त्यांचा वाटा मोठा. पुढे कलकत्ता विद्यापीठाने वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकपदी निवडून त्यांना युरोपात अभ्यासाला पाठवलं. ते जर्मनीत असतानाच पहिलं महायुद्ध पेटलं. ब्रिटिश हिंदुस्थानचा माणूस म्हणजे शत्रुराष्ट्राचा, म्हणून त्यांना स्थानबद्ध केलं. एवढ्यातूनही १९१९ साली बर्लिनची डॉक्टरेट त्यांनी मिळवलीच. विषय होता वायव्य हिंदुस्थानातल्या कोरड्या आणि खाऱ्या जमिनीवरच्या वनस्पती: त्यांच्या बिया कशा पसरतात आणि त्या मुळात आल्या कुठून. राजस्थान-सिंधच्या वाळवंटातल्या झाडांचा हिशेब हा माणूस बर्लिनमध्ये बसून मांडत होता, आणि बाहेर युद्ध.

कलकत्त्यातून निवृत्त होऊन ते पुण्यात आले आणि १९४६ मध्ये महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी सुरू झाली. आधी लॉ कॉलेजच्या आवारात उसन्या जागेत, मग स्वतःच्या इमारतीत. १९६० साली ते गेले. १९९२ मध्ये संस्थेला त्यांचं नाव मिळालं. शेतकऱ्यांना ही संस्था गव्हाच्या आणि सोयाबीनच्या ‘एमएसीएस’ वाणांमुळे माहीत असते. त्यातला एमएसीएस म्हणजे विज्ञानवर्धिनीच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं, हे पेरणाऱ्याला ठाऊक असायचं कारण नाही. बुरशींवरही इथे मोठं काम चालतं. जिवंत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह इथे आहे, आणि वाळवलेल्या बुरशींचं वेगळं हर्बेरियम आहे, बुरशीतज्ज्ञ अजरेकरांच्या नावाचं. तिथे शीटऐवजी पाकिटं असतात. पानावरचा तांबेरा, खोडावरची काजळी, सगळं घडी घातलेल्या पाकिटात. आपण जे पान रोगट म्हणून तोडून फेकतो तेच तिथे नंबर देऊन ठेवलेलं असतं.

पण मला सांगायचंय ते फुलझाडांच्या शीटबद्दल.

शीट म्हणजे साधारण ४२ बाय २८ सेंटिमीटरचा जाड पांढरा कागद. जगात कुठेही गेलात तरी आकार थोडाफार असाच. झाड त्याहून लांब असेल तर त्याला इंग्रजी व्ही किंवा एन अक्षराच्या आकारात मोडायचं, पण कापून छोटं करायचं नाही. एखादं पान मुद्दाम उलटं करायचं, म्हणजे पाठीवरची लव आणि शिरा दिसतात. गळलेल्या बिया, पाकळ्या यांच्यासाठी एक छोटं पाकीट कोपऱ्यात चिकटवायचं. खोड जाड असेल तर सुईदोऱ्याने टाके घालायचे. उजव्या हाताला खाली लेबल.

हे झालं शेवटचं. खरी मारामारी त्याआधीची. झाडं फुलतात पावसाळ्यात आणि वाळवायची असतात पावसाळ्यातच. दोन लाकडी जाळ्या, मध्ये वर्तमानपत्रांचे थर, वरून पट्टे करकचून आवळलेले, याला प्रेस म्हणतात. पहिले काही दिवस कागद रोज बदलावे लागतात, नाहीतर बुरशी धरते. ओले कागद वाळत कुठे घालायचे? आम्ही मुली हॉस्टेलच्या खोलीत दोऱ्या बांधून घालायचो. कपडे कॉटच्या दांडीवर आणि दोरीवर जुनी वर्तमानपत्रं. जून-जुलैमधले अग्रलेख मी त्या काळात जितके बारकाईने वाचलेत तितके पुन्हा कधी वाचले नाहीत. बल्ब लावून केलेलं वाळवणीचं खोकं एकच होतं, आणि ते सीनियर्सच्या ताब्यात.

गवतं, कडधान्याच्या जातीची झाडं गुणी असतात, मुकाट वाळतात. अळूच्या कुळातली शेवळं मात्र छळतात. शेवळाचा तो तपकिरी-जांभळा कोंब मांसल असतो, दाबला की पाणी सुटतं, कुजतो, आणि वास असा की खोलीतली बाकीची मंडळी तुम्हाला प्रेससकट बाहेर काढतात. जेवणात काकडाचा रस घालून त्याची खाज मारतात हे सगळ्यांना माहीत असतं, प्रेसमधल्या शेवळावर मात्र काही उतारा नाही. अशी मांसल झाडं आधी उकळत्या पाण्यात बुडवून मारून घ्यायची, किंवा फुलोरा कापून बाटलीत स्पिरिटमध्ये ठेवायचा. न मारता दाबली तर काही जाती कागदांच्या थरात आठवडे-आठवडे जिवंत राहतात, आणि एखादीला आत नवा कोंब फुटलेलाही सापडतो.

मग विष. मर्क्युरिक क्लोराइड स्पिरिटमध्ये विरघळवून त्यात झाड बुडवायची जुनी पद्धत. ते माणसालाही विषच. हर्बेरियमच्या जुन्या शीट्स हाताळून झाल्यावर हात धुतल्याशिवाय डबा उघडू नका, हे आम्हाला पहिल्याच दिवशी बजावून सांगितलं होतं. एवढं करूनही कसर लागते. कपाटांत डांबरगोळ्या असतात, आणि त्यांचा वास दिवसभर कपड्यांना चिकटतो. संध्याकाळी घरी गेल्यावर आई विचारायची, “कुणाच्या ट्रंकेत बसली होतीस?”

एवढी उस्तवार करून जे उरतं त्यात झाडाचा रंग नसतो, वास नसतो, उंची नसते. जांभळं फूल चॉकलेटी होतं, पांढरंही चॉकलेटी होतं. म्हणून लेबल. माझं मत थोडं टोकाचं असेल, पण हर्बेरियममध्ये झाडापेक्षा लेबल मोलाचं. झाड पुन्हा आणता येतं. अमुक साली अमुक महिन्यात अमुक डोंगराच्या अमुक अंगाला ते होतं, ही गोष्ट पुन्हा आणता येत नाही.

लेबल लिहिण्याची शिस्त अंगी बाणायला लोकांना बराच काळ लागला. एकोणिसाव्या शतकातली कोकणातली कितीतरी झाडं लंडनजवळच्या क्यूच्या उद्यानात आहेत. त्यांतल्या अनेकांवर एकच छापील लेबल आहे. त्यावर ठिकाण म्हणून छापलंय ‘मलबार, कोकण, इत्यादी’. गोळा करणारे म्हणून ‘स्टॉक्स, लॉ, इत्यादी’. स्टॉक्स हा सर्जन, लॉ हा मुलकी अधिकारी, दोघंही मुंबई इलाख्यात फिरलेले. त्या दोन ‘इत्यादीं’नी नंतरच्या किती पिढ्यांना छळलंय याची मोजदाद नाही. अख्खा पश्चिम किनारा आणि अमर्याद माणसं. एखादी दुर्मीळ जात पुन्हा शोधायला निघालेल्या विद्यार्थ्याला पत्ता मिळतो तो असा.

थिओडोर कुक हा आयरिश गृहस्थ पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचा, म्हणजे पुढच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा प्राचार्य. निवृत्तीनंतर त्याने मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर जो ग्रंथ लिहिला तो १९०१ ते १९०८ या काळात भागाभागांनी निघाला. आजही महाराष्ट्रात झाडं ओळखायला बसलेला माणूस कुकला टाळून पुढे जाऊ शकत नाही. प्रत्येक जातीखाली कोकण, दख्खन, ‘एस. एम. कंट्री’ म्हणजे दक्षिण मराठा मुलूख, असे विभाग पाडून कुठे कुणाला सापडली ते दिलेलं असतं, आणि गोळा करणाऱ्याच्या नावापुढे उद्गारचिन्ह. पहिल्यांदा वाचताना मला वाटलं, कुकसाहेबांना एवढं आश्चर्य कसलं वाटत होतं? त्या चिन्हाचा अर्थ आश्चर्य नाही. अर्थ असा की हा नमुना मी स्वतः पाहिलाय. चिन्ह नसेल तर ती ऐकीव किंवा वाचीव गोष्ट. छापलेल्या पानावर, प्रत्येक नावापाशी, लेखक आपण काय पाहिलं आणि काय नाही याचा हिशेब देतो. ही पद्धत मला आपल्या चरित्रलेखनात हवी आहे. राजकीय आठवणींत तर सक्तीची करावी.

तर त्या पानांवर साहेबांच्या नावांमध्ये अधूनमधून आपली माणसं भेटतात. रानडे! कानिटकर! गराडे! परांजपे! रानडे पुण्याच्या हर्बेरियमचे कीपर होते. सह्याद्रीच्या मोजक्या घाटमाथ्यांवर सापडणारं एक मुद्रेच्या कुळातलं झुडूप त्यांच्या नावाने ओळखलं जातं, अब्युटिलॉन रानडेई. पिवळ्या पाकळ्यांवर लालसर शिरा असलेली लोंबती फुलं, मराठीत सोनघंटा. पुण्याच्याच भिडेंच्या नावाने तर गवतांचा एक अख्खा गट आहे, भिडिया.

आणि यांच्याच ओळीत येतो भिवा. नुसता भिवा. आडनाव नाही, आद्याक्षरं नाहीत. भिवा! दख्खनमधल्या, कोकणातल्या झाडांपुढे हे नाव येत राहतं. बाकी सगळ्यांना आडनाव आहे आणि याला नाही, यावरून त्याचं स्थान काय असेल याचा अंदाज मराठी माणसाला करता येतो, तो मी वेगळा लिहीत नाही. पण उद्गारचिन्ह त्याच्याही नावापुढे आहे. रानड्यांच्या पुढे जे, तेच. त्याने आणलेलं झाड प्राचार्यांनी स्वतः बघून मान्य केलेलं आहे. त्या काळातल्या दुसऱ्या कुठल्या सरकारी कागदात भिवाची साक्ष इतक्या बरोबरीने नोंदली गेली असेल, असं मला वाटत नाही.

मुंबईत सेंट झेवियर्सच्या इमारतीत ब्लॅटर हर्बेरियम आहे. फादर एथेलबर्ट ब्लॅटर हे स्विस जेझुइट, त्यांनी १९०६ च्या सुमारास त्याचा पाया घातला. पुढे फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव आले, स्पेनचे. त्यांनी नुसती झाडं गोळा केली नाहीत, एकेका डोंगराला वर्षानुवर्षं चिकटून राहिले. खंडाळ्यावरचं त्यांचं पुस्तक १९५३ चं, पुरंदरवरचं १९५८ चं. एकाच ठिकाणी सगळ्या ऋतूंत पुन्हा पुन्हा गेल्याशिवाय असं पुस्तक होत नाही. सात-आठ वर्षांनी एकदा फुलणारी कारवी एखाद्या सहलीत फुललेली सापडणं हा नशिबाचा भाग असतो. नंतर ते भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे प्रमुख झाले आणि या देशाचे नागरिकही.

फोडशीसाठी मी ज्या नावाच्या मागे होते त्याचा धागा याच सांतापावांपर्यंत जातो. पन्नासच्या दशकाच्या मध्याला त्यांनी आणि फर्नांडिस यांनी क्लोरोफायटमच्या एका नव्या जातीचं वर्णन छापलं आणि तिला नाव दिलं बोरिविलियानम, बोरिवलीवरून. लोकलच्या फलाटावर गर्दीत उभं राहणाऱ्या किती जणांना माहीत असेल की आपल्या स्टेशनाचं नाव एका औषधी कंदाला लागलेलं आहे? हीच सफेद मुसळी. पुढे नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून तिच्या लागवडीचं असं पेव फुटलं की बियाणं विकणाऱ्यांनी हात धुऊन घेतले आणि अनेक शेतकऱ्यांचे हात पोळले. बाजारात मुसळी म्हणून येणारे कंद एकाच जातीचे नसतात. वाळलेल्या कंदावरून जात सांगायला जाणकारालाही जड जातं. तेव्हा जे वाद झाले ते भावाचे आणि फसवणुकीचे होते. हातातला कंद मुळात कुठल्या झाडाचा, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला, आणि त्याचं उत्तर कपाटात होतं.

हल्ली मला एक प्रश्न हमखास विचारतात. आता सगळ्यांच्या हातात कॅमेरा आहे, झाड ओळखणारी ॲप्स आहेत, मग झाड उपटून वाळवायची गरजच काय? प्रश्न रास्त आहे. मीही फोटो काढते. पण कासच्या पठारावर पांढऱ्या बटणांसारखे जे गेंद पसरलेले दिसतात त्यांचा फोटो काढून जात सांगून दाखवा. गेंदांच्या जाती एकमेकींशी इतक्या मिळत्याजुळत्या, की बीच्या सालीवरची नक्षी सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय निकाल लागत नाही. फोटोत बी कुठून आणणार? २०२० साली आघारकर संस्थेच्या संशोधकांनी गेंदाच्या दोन नव्या जाती जाहीर केल्या, एक सिंधुदुर्गातली, दुसरी कर्नाटकातल्या कुमट्याची. दोन्ही असल्याच बारकाव्यांवर वेगळ्या ठरल्या.

आणि २०२४ ची डिक्लिप्टेरा पॉलिमॉर्फा तर थेट तळेगाव दाभाड्याची. पुण्यापासून लोकलने जाता येतं अशा गावाच्या माळावरची. अडुळशाच्या कुळातली ही छोटीशी वनस्पती पावसाळा संपल्यावर नोव्हेंबरपासून पुढे फुलते. उन्हाळ्यात माळ पेटवतात, वरचं सगळं जळून जातं, आणि मे-जूनमध्ये जळक्या खोडातून बुटके अंकुर येऊन ती पुन्हा फुलते. दोन फुलोऱ्यांत झाडाचं रूप इतकं वेगळं, की दोन शीट्स शेजारी ठेवल्या तर कुणीही दोन जाती म्हणेल. आता यात फोटो काढणाऱ्याची काय चूक? त्याने डिसेंबरात पाहिलं असेल ते खरं, जूनमध्ये पाहिलं असेल तेही खरं. दोन्ही एकच आहे हे कळायला त्याच जागी काही वर्षं पाळत ठेवून, वेगवेगळ्या महिन्यांतले नमुने तारखांसकट समोर मांडावे लागतात. मग भारतातल्या बाकीच्या डिक्लिप्टेरांशी तुलना करायची. हिच्या फुलोऱ्याची ठेवण आफ्रिकेतल्या जातींच्या जवळची निघाली, म्हणून तिकडच्याही बघायच्या. क्यूच्या तज्ज्ञाने दुजोरा दिला आणि मग नाव छापलं गेलं. ज्या एका नमुन्यावर नाव बेततात त्याला टाइप म्हणतात. १९५८ पासून तर टाइप कुठला हे सांगितल्याशिवाय नवं नाव ग्राह्यच धरत नाहीत. म्हणजे नाव ही हवेतली गोष्ट राहत नाही, कुठल्यातरी कपाटात तिचा ठरलेला पत्ता असतो. उद्या कुणाला शंका आली तर त्याने तिथे जावं.

आता शिंदळ माकुडीबद्दल, कारण तिच्यावरून माझं माझ्याशीच भांडण आहे. मांसल खोडाची ही छोटी वनस्पती कड्याच्या कपारीत लोंबते. फूल पाच टोकांचं, गडद तांबूस, त्यावर पिवळे ठिपके. एकोणिसाव्या शतकात डाल्झेल या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाला ती जुन्नरकडे सापडली. त्याने मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांच्या सन्मानार्थ तिला फ्रेरिया इंडिका म्हटलं. १९५८ मध्ये रौली नावाच्या अभ्यासकाने तिला माकडशिंगाच्या गटात, कॅरालुमात टाकलं. तिथे इंडिका हे नाव आधीच दुसऱ्या कुणीतरी अडवलेलं, म्हणून झाली कॅरालुमा फ्रेरेई. गव्हर्नरसाहेब पहिल्या शब्दातून दुसऱ्या शब्दात आले. नंतर तिला बुसेरोसिया या गटात हलवली, साहेब दुसऱ्या शब्दातच. जुनी मंडळी अजून फ्रेरियाच म्हणतात. शीटवर हे सगळं ओळीने लागलेलं असतं, कुणी कुणाला पुसलेलं नाही.

भांडण नावावरून नाही. ती जगात फक्त आपल्याकडे, तीही मोजक्या कड्यांवर उरलीय. अशा झाडाचा नमुना घ्यावा का? एकेकाळी प्रत्येक येणारा वनस्पतिशास्त्रज्ञ एक तुकडा घेऊन जायचा, शिवाय देवाणघेवाणीसाठी जादाचे. गुरं आणि दरडी यांच्या बरोबरीने आमच्या लोकांनीही दुर्मीळ झाडांवर भार टाकला, हे हर्बेरियमवर प्रेम असलं तरी कबूल करायला हवं. आता शिस्त वेगळी आहे. झाडं थोडी असतील तर मुळासकट काढायचं नाही, फोटो, मोजमापं, डीएनएसाठी सिलिका जेलमध्ये पानाचा तुकडा, एवढ्यावर भागवायचं. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात कंदीलपुष्पांच्या दुर्मीळ जाती बागेत वाढवून जपल्या, तो आणखी एक मार्ग. मला हे पटतं. पण मग मन म्हणतं, ज्या नमुन्यांच्या आधारे आपण आज म्हणतो की ही जात पूर्वी अमुक डोंगरावर होती आणि आता नाही, ते नमुने तेव्हा कुणी घेतलेच नसते तर? यावर माझ्या दोन चिठ्ठ्या आहेत, आणि मी दोन्ही ठेवल्यात.

परदेशातल्या टाइप नमुन्यांचे स्वच्छ फोटो आता घरबसल्या बघता येतात. आमच्या आधीच्या पिढीने त्यासाठी पत्रं लिहून महिनोन्महिने वाट बघितली. आपल्याकडच्या शीट्सही स्कॅन होताहेत. त्याने सोय झाली यात वाद नाही. फक्त स्कॅनमधलं फूल उमलवता येत नाही. खरं वाळकं फूल कोमट पाण्यात भिजवलं की शंभर वर्षांनीही पाकळ्या मोकळ्या होतात, पुंकेसर मोजता येतात, अंडाशय उभा चिरता येतो. मी ते केलंय, सूक्ष्मदर्शकाखाली सुईने, श्वास रोखून, कारण फुंकर लागली तर ऐवज उडून जातो.

मोठ्या संस्थांचं त्या मानाने बरं चाललंय. माणसं कमी आहेत, वर्गीकरणात करिअर करा असं मुलांना सांगायला जीभ रेटत नाही, पण कपाटं तरी शाबूत आहेत. काळजी आहे ती कॉलेजांची. महाराष्ट्रातल्या कितीतरी कॉलेजांत वनस्पतिशास्त्र विभागाच्या मागच्या खोलीत एक-दोन कपाटं असायची, सहलींत विद्यार्थ्यांनी आणलेल्या झाडांची. विभाग आकसले, मुलं बायोटेक्नॉलॉजीकडे गेली, खोली कॉम्प्युटर लॅबला हवी झाली. एका गावात मी अशा कपाटाची चौकशी केली तर ऑफिसातल्या गृहस्थांनी सांगितलं, “रद्दीत दिलं, ताई. वाळका पाला होता नुसता, आणि वास केवढा!” किती वर्षांचा पाला होता ते त्यांना सांगता आलं नाही. त्यांच्यावर तरी काय रागावणार?

तुमच्या कॉलेजात असं कपाट अजून असेल तर एकदा उघडून बघा. हात लावण्याआधी हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा. शीटवर जागा, तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नाव आहे का तेवढं बघा. झाडाचं नाव चुकलेलं असलं तरी चालेल, नसलं तरी चालेल, ते दुसरं कुणी लावेल. या तीन गोष्टी असतील तर मोठ्या हर्बेरियमला पत्र लिहून विचारता येतं. त्यांनी घेतलं नाही तर निदान प्रत्येक शीटचा फोटो काढून ठेवा, लेबल वाचता येईल असा. लेबलच नसेल तर मात्र त्या शीटचं कुणाला काही करता येत नाही, मग ती रद्दीत गेली तरी मी भांडायला येणार नाही.